पत्त्याआधी भाव पाहा

२० जुलै २०२५ रोजी लातुरात राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यासमोरच्या टेबलावर छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पत्ते भिरकावले. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत त्याच सुमारास गाजत होती. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा कोकाटे यांनी केला. पत्ते फेकणाऱ्यांना मारहाण झाली, त्यावरून आणखी गदारोळ उठला आणि महिनाअखेरीस कोकाटे यांच्याकडचे कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा दोन दिवसांत मंजूर केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळवले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने निषिद्ध ठरवले.

राजीनाम्याच्या मागणीत आणि बंदीच्या जयघोषात एक साधा प्रश्न बाजूला राहिला. नांदेडचा एखादा शिक्षक, लातूरचा एखादा दुकानदार मित्रांच्या बैठकीत पाच-दहा रुपयांच्या हिशेबाने पोकर खेळतो. त्याला या खेळावर पोट भरायचे नाही; पण दर वेळी आंधळेपणाने हरायचेही नाही. त्याने या खेळाचा अभ्यास करावा का, आणि केला तर हाती काय लागेल? आमचे उत्तर असे, की अभ्यास जरूर करावा. मात्र तो प्रामाणिकपणे केला, तर खेळ वाढण्याऐवजी कमी होण्याचीच शक्यता अधिक, हे आधी समजून घ्यावे.

मराठवाड्याला पत्ते नवे नाहीत. सुट्टीत मुलांचा झब्बू, पाच-तीन-दोन, मेंढीकोट. पोळा, गणपतीतली जागरणे आणि दिवाळी आली की मोठ्यांची तीन पत्ती. झाडाखाली किंवा शेताच्या बांधावर बसलेला डाव पोलिसांनी पकडला, की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘तिर्रट नावाचा जुगार’ असे ठरलेले शब्द उमटतात. पोकर त्या मानाने अलीकडचा. तो आला मोबाइलमधून, रमीच्या जाहिरातींचे बोट धरून. त्यामुळे बहुतेकांनी तो तीन पत्तीच्या सवयीनेच खेळायला घेतला, आणि बहुतेकांच्या चुकाही तिथूनच आल्या.

दोन्ही खेळ एका घराण्यातले वाटले, तरी त्यांची रचना वेगळी आहे. तीन पत्तीत बावन्न पानांतून तीन पाने हाती येतात. अशी २२,१०० वेगवेगळी त्रिकुटे संभवतात. त्यांपैकी १६,४४० त्रिकुटांत काहीच जुळत नाही. ना जोडी, ना रंग, ना क्रम. म्हणजे दर चार वाटपांपैकी साधारण तीन वेळा समोरच्या कुणाही एकाच्या हातात एक मोठे पान सोडून काही नसते. ट्रेल, म्हणजे तिन्ही पाने सारखी, ४२५ वेळांत सरासरी एकदा येते. पाने एकदा वाटली की नवी माहिती येत नाही. उरते ती चाल, ब्लाइंड म्हणजे पाने न पाहता लावलेली रक्कम, आणि समोरच्याचा चेहरा. पाने पाहिली की ब्लाइंडच्या दुप्पट चाल द्यावी लागते, म्हणजे पाहण्याचीही किंमत मोजावी लागते. शिकण्यासारखे काही यातही आहे, पण वाव थोडा.

पोकरच्या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या ‘टेक्सास होल्डेम’ प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात आणि पाच पाने सगळ्यांसाठी मध्ये उघडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. माहिती टप्प्याटप्प्याने वाढते आणि प्रत्येक टप्प्यावर तिचा भाव बदलतो. अभ्यासाला जागा मिळते ती इथे.

एक डाव जवळून पाहू. तुमच्या हातात बदाम राणी आणि बदाम अठ्ठी आहे. मध्ये बदाम राजा, बदाम सत्ती आणि किलवर दुर्री उघडली. चार बदाम झाले. पाचवा आला की रंग जमतो. समोरच्याकडे राजाची जोडी असावी असे त्याच्या बोलीवरून दिसते. तुम्हाला दिसत नसलेली पाने ४७, त्यांत बदाम ९. पुढचे पान बदाम येण्याची शक्यता ४७ मध्ये ९, म्हणजे सुमारे १९ टक्के. ढोबळमानाने पाचांत एकदा. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेत, १०० रुपये आहेत.

समोरच्याने २० रुपये लावले, तर तुम्हाला २० घालून एकूण १४० रुपयांच्या पॉटसाठी खेळायचे आहे. हा सौदा सातांत एकदा जिंकले तरी बरोबरीत सुटतो. तुमची शक्यता पाचांत एकदा. खेळावे. त्याने १०० लावले, तर १०० घालून ३०० साठी खेळायचे. तिथे तिनांत एकदा जिंकायला हवे. पाने तीच, बदाम तेवढेच, तरी आता पाने टाकून द्यावीत. तीन पत्तीच्या सवयीचा माणूस ‘रंगाला एकच पान कमी आहे’ एवढे पाहतो आणि दोन्ही वेळा पैसे टाकतो. अभ्यास केलेला माणूस पानाआधी भाव पाहतो. पोकरच्या अर्ध्याअधिक शास्त्राचा गाभा एवढाच आहे.

इथे अर्धवट अभ्यासाचा एक सापळाही आहे. चार बदाम असताना रंग जमण्याची शक्यता ३५ टक्के, असा आकडा नवशिक्याच्या कानावर लवकर पडतो. तो खरा आहे, पण पुढची दोन्ही पाने पाहायला मिळणार असतील तर. समोरच्याकडे लावायला आणखी पैसे शिल्लक असतील, तर पुढच्या पानानंतर तो पुन्हा बोली लावेल आणि दुसऱ्या पानाची वेगळी किंमत मागेल. एकाच्या भावात दोन पाने मिळतील, असे धरून चालणारा हळूहळू रिकामा होतो.

हे गणित अवघड नाही. दहावीच्या ‘गणित भाग १’ मध्ये ‘संभाव्यता’ या प्रकरणात पत्त्यांच्या कॅटवरची उदाहरणे आहेत. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांची प्रत्येकी तेरा पाने तिथे मुलांनी मोजलेली असतात. त्याच्या लगेच आधीचे प्रकरण ‘अर्थनियोजन’ आहे. परीक्षेत ही दोन प्रकरणे स्वतंत्रपणे सुटतात. पोकरच्या टेबलावर ती एकत्र येतात. शक्यता किती आणि तिच्यासाठी मोजायची किंमत किती, हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय होत नाही. गणितज्ञांना या खेळाचे आकर्षण वाटले ते यामुळेच. जॉन फॉन नॉयमान आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथाने खेळ-सिद्धान्ताचा पाया घातला, त्यात पोकरचे विवेचन आहे. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांच्या ‘प्लुरिबस’ या संगणक प्रणालीने सहा जणांच्या डावात व्यावसायिक खेळाडूंना हरवले.

घरगुती खेळाडूला प्लुरिबसपर्यंत जाण्याची गरज नाही. छोट्या रकमेच्या टेबलावर चुका ढोबळ असतात आणि त्यांवरचे उपायही साधे असतात. पहिला, कमी डाव खेळणे. दोन पानांच्या १,३२६ जोड्या संभवतात. त्यांतल्या बहुतेक टाकण्याच्याच लायकीच्या असतात. आठ-नऊ जणांच्या टेबलावर पाचांतले चार डाव सोडून देणारा माणूस कंटाळवाणा दिसेल, पण तो फार चुकत नाही. दुसरा, आपली पाळी कितवी हे पाहणे. शेवटी बोलणाऱ्याला इतरांनी काय केले हे कळलेले असते. पहिल्याला काहीच ठाऊक नसते. तीच पाने पहिल्या पाळीला टाकावीत आणि शेवटच्या पाळीला खेळावीत, असे अनेकदा घडते. तिसरा, ब्लफचा मोह आवरणे. पाच-दहा रुपयांच्या डावात ‘बघू तरी काय आहे’ म्हणून प्रत्येक जण शेवटपर्यंत येतो. ज्याला पाने टाकायचीच नाहीत त्याला घाबरवून उपयोग काय? अशा टेबलावर चांगली पाने आल्यावर पुरेशी बोली लावणे, हेच कौशल्य.

खरा कठीण भाग पुढे येतो. निर्णय बरोबर असूनही पैसे जातात आणि चुकीचा निर्णय घेऊनही पॉट मिळतो. १०० च्या बोलीला तुम्ही पाने टाकली आणि पुढचे पान बदाम निघाले, तर शेजारचा हळहळेल, ‘अरेरे, खेळायला हवे होते’. नको होते. लातूरच्या आडत बाजारात दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. हरभऱ्याच्या पेरणीला पैसे हवे होते, घरात साठवायला जागा नव्हती, मिळाला त्या भावाला माल दिला. जानेवारीत भाव चढला म्हणून नोव्हेंबरचा निर्णय मूर्खपणाचा ठरत नाही, आणि ज्याचा माल केवळ पडून राहिला म्हणून चढ्या भावात गेला, तो द्रष्टा ठरत नाही. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर निर्णय कसा होता, एवढेच तपासता येते. हा एक धडा पक्का झाला, तर खेळात घालवलेला वेळ वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.

पण हाच धडा दुसऱ्या बाजूनेही लावून पाहावा लागतो. आपण जिंकतो ते कौशल्याने की योगायोगाने, हे कसे कळणार? समोरासमोरच्या टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. दिवाळीच्या एका रात्री पाच तास बसलात तर १५० च्या आसपास. हातात एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. म्हणजे रात्रभर बसूनही ती एकदा तरी येईल याची शक्यता जेमतेम निम्मी. इतक्या थोड्या डावांवरून ‘मला खेळ जमतो’ असा निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. त्यासाठी हजारो डावांची नोंद लागते. घरगुती खेळाडूकडे तेवढे डाव वर्षानुवर्षे जमत नाहीत. जिंकलेली रात्र गावभर सांगितली जाते, हरलेली बायकोलाही सांगितली जात नाही. म्हणून वही हवी. तारीख, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, एवढे तीन रकाने पुरेत. ती वही बहुतेकांचा गैरसमज वर्षभरात उतरवते.

आता त्या गोष्टीकडे वळू, जिच्याकडे डावपेचांची पुस्तके घाईत पाहतात आणि छोट्या खेळाडूने सर्वांत आधी पाहायला हवे: नाल. अड्डा चालवणारा प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढून घेतो, त्याला आपल्याकडे नाल म्हणतात. कॅसिनो आणि ॲपवाले त्याला रेक म्हणतात. समजा, सहा जण प्रत्येकी ५०० रुपये घेऊन बसले. टेबलावर एकूण ३,००० रुपये. सरासरी पॉट १५० रुपयांचा, नाल पाच टक्के, म्हणजे डावाला साडेसात रुपये. तासाला २५ प्रमाणे पाच तासांत १२५ डाव झाले, तर नालेत ९३७ रुपये गेले. टेबलावरच्या पैशांपैकी जवळपास एक तृतीयांश, आणि तेही कुणी हरलेले नसताना. सहाही जण सारखेच हुशार असतील, तर सहाही जण हरतील. अशा ठिकाणी इतरांपेक्षा थोडे बरे खेळून भागत नाही. नाल फेडून वर काही उरेल इतके बरे खेळावे लागते. मित्राच्या घरी, चहा-चिवड्याच्या खर्चावर खेळलेल्या डावात ही गळती नसते. छोट्या खेळाडूच्या हिशेबात या एका फरकाचे वजन कुठल्याही डावपेचापेक्षा अधिक आहे.

कायद्यानेही हाच फरक फार पूर्वी ओळखला. १८८७ चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा ‘सामाईक जुगारगृह’ म्हणतो ते जागा चालवणाऱ्याच्या नफ्यासाठी पत्ते जिथे ठेवले किंवा वापरले जातात त्या ठिकाणाला. कलम ४ ते चालवणाऱ्याला लागते आणि कलम ५ तिथे सापडणाऱ्याला. उघड्यावरच्या डावाला कलम १२. केवळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ मोकळीक देते. पण कौशल्याचा खेळ कोणता? या वादातला सर्वाधिक उद्धृत होणारा निकाल आपल्या जुन्या मुलखातल्या कायद्यावरचा आहे. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर १९६३ मध्ये पोलिसांनी छापा घातला. खटला चालला तो निजामाच्या काळातल्या १३०५ फसलीच्या हैदराबाद जुगार कायद्याखाली. नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६७ मध्ये सांगितले, की तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे. रमीत मात्र पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून तिच्यात कौशल्याचे पारडे जड आहे. पोकरबद्दल असे एकमत कधीच झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारात काढला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याच्या बाजूने मत दिले.

मराठवाड्याच्या सीमेवर या विसंगतीचे रोजचे दर्शन होत असे. तेलंगणाने २०१७ मध्येच ऑनलाइन रमीसह पैशांचे खेळ बंद केले. त्यामुळे धर्माबादला चालणारे ॲप काही मैलांवरच्या बासरला चालत नसे. उलट दिशेला गोवा. तिथल्या १९७६ च्या कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधीच लागू न करता २०२३ मध्ये रद्द केला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन खेळापुरता हा भेदच मोडीत काढला. पोकरबाजीसारख्या कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले आणि कायद्याला न्यायालयांत आव्हानही दिले गेले.

कायद्याच्या घटनात्मकतेचा निवाडा न्यायालये करतील. पण ‘कौशल्याचा खेळ’ या शब्दांनी गेल्या दशकात केलेले नुकसान त्या निवाड्याची वाट पाहत नाही. न्यायालयांनी हे शब्द खेळाला लावले होते; जाहिरातींनी ते खेळणाऱ्याला चिकटवले. खेळात कौशल्य आहे याचा अर्थ ते आपल्यात आहे असा होत नाही. उलट, ज्या खेळात कौशल्य जास्त, त्यात अडाण्याचा पैसा अधिक खात्रीने जातो. नशिबाच्या खेळात नवख्याला निदान बरोबरीची संधी असते; कौशल्याच्या खेळात ती नसते. हे कुठल्याच जाहिरातीतल्या नटाने सांगितले नाही.

कायदा आणताना सरकारने दिलेला अंदाज असा होता, की सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २० हजार कोटी रुपयांच्या आसपास गमावतात. सरासरी काढली तर माणशी साडेचारशे रुपयांहून थोडे कमी पडतात. एवढ्यासाठी कुणी शेत विकत नाही. याचा अर्थ बहुतेकांनी शंभर-दोनशे घालवले आणि थोड्यांनी घर. त्या थोड्यांत जो गेला, तोही सुरुवातीला शंभर-दोनशेवालाच होता. घरातल्या टेबलावर तासाला पंचवीस डाव होतात, मित्र ‘बस कर आता’ म्हणतात, पाकीट रिकामे झालेले दिसते. मोबाइलवर डाव झपाट्याने पुढे सरकतो, एका वेळी अनेक टेबले उघडता येतात, पैसे यूपीआयने जातात आणि बस कर म्हणणारे कुणी नसते. बंदीनंतरही परदेशातून चालणारी बेकायदा ॲप राहतील. तिथे पैसे बुडाले तर दाद मागायची कुणाकडे, हाही प्रश्न आहे. घरातला मुलगा किंवा भाऊ असा अडकला असेल, तर शिव्याशापांआधी रकमेचा पूर्ण आकडा विचारावा आणि तो ऐकून घ्यावा. लपवलेले कर्जच पुढच्या डावाला उभे करते.

महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा आहे. फाशांत राज्य हरलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या फांद्यांवरची पाने आणि फळे किती हे सांगतो. नल झाड पाडून मोजतो, तर आकडा बरोबर निघतो. त्या गणनेच्या विद्येची सांगड कथेत अक्षहृदयाशी, म्हणजे फाशांच्या विद्येशी, घातली आहे, आणि ती शिकल्यावर नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो. कथाकाराने मोजण्याची विद्या आणि झपाटलेपणातून सुटका एकाच प्रसंगात आणली, हे लक्षणीय आहे. पुढे नल त्या विद्येच्या बळावर राज्य परत मिळवतो. तेवढा भाग मात्र आजच्या खेळाडूने कथेतच ठेवावा.

म्हणून ज्याला पोकर शिकायचा आहे त्याने शिकावा. पैशांऐवजी चिंचोके किंवा काडेपेटीच्या काड्या ठेवूनही भाव आणि शक्यता यांचे गणित तेवढेच शिकता येते. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत संभाव्यता घोकणाऱ्या मुलांना एखाद्या शिक्षकाने वरचा बदामांचा डाव फळ्यावर मांडून दाखवला, तर काही बिघडणार नाही. जाहिरातींच्या भुलीवर तो उताराच ठरेल. आणि पैसे लावून बसायचेच असेल, तर बसण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. ही रक्कम सगळी गेली तरी उद्या घरात कुणाला कळवावे लागणार नाही ना? या टेबलावर नाल कोण काढतो आणि किती? आणि मागच्या वर्षभराची वही काय सांगते? ही उत्तरे खरी दिली, तर कित्येकदा न बसण्याचाच निर्णय निघेल. तो घेता येणे, हेही अभ्यासाचेच फळ आहे.